कोणता डास किती धोक्याचा? डेंग्यू, चिकनगुनिया आणि आपला सीमाभाग

मागवाला_शहापूर
नमस्कार मंडळी. घरातलं एक भांडण सोडवून घ्यायचंय म्हणून धागा काढतोय. गेल्या पावसाळ्यात आमच्या बेळगावच्या शहापुरात गल्लीत डेंग्यूचे बरेच पेशंट निघाले. सासुरवाडी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडची. तिथं काजूच्या बागेत संध्याकाळी उभं राहवत नाही, पट्ट्यापट्ट्यांचे डास पिंढरीवर बसूनच असतात. पण त्या वाडीत डेंग्यू झालेला माणूस शोधून सापडत नाही. मेहुणा म्हणतो, तुमचे शहरातले डास विषारी, आमचे साधे. मी म्हणतो पट्टे तेच, पाय तेच, मग डास वेगळा कसा? एकीकडं हॉस्पिटल आणि दुसरीकडं नुसती खाज, हे कसं काय? या विषयातलं कुणी असेल तर लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको. पपईच्या पानांचं तर अजिबात नको.

जांबोटीकर
मेहुणा मी नव्हे, पण बाजू त्याचीच घेणार. आमच्याकडं डास चावूलालेत म्हणून कोण तक्रार करत न्हाई. पावसाळा हाय, चावणारच. ताप आला तर आधी बेळगावला कोण जाऊन आलंय ते बघतो.

काचनळी
मी काही वर्षं डासांच्या प्रयोगशाळेत काम केलंय, आता ते सोडलं. मेहुण्यांचा शब्द चुकीचा असेल, निरीक्षण चुकीचं नाही.

आधी ओळख. तुमच्या शहरातला बहुतेक करून एडिस एजिप्टी. जांबोटीच्या बागेतला एडिस अल्बोपिक्टस, ज्याला टायगर डास म्हणतात. दोघांच्या पायांवर पांढरे पट्टे, दोघं दिवसा चावणारे, म्हणून गोंधळ होतो. हातावर बसलेला मारला की भिंगाखाली त्याची पाठ बघा. मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर अल्बोपिक्टस. दोन्ही कडांना कंसासारख्या वळलेल्या रेघा आणि मध्ये दोन बारीक समांतर रेघा असतील तर एजिप्टी. बोटांनी चोळून मारला तर पाठीवरचे खवले निघून जातात आणि काहीच कळत नाही, तेव्हा हलक्या हातानं मारा.

आता मुख्य मुद्दा. डास म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे. पेशंटला चावला, उडाला आणि लगेच दुसऱ्याला चावला म्हणून डेंग्यू होत नाही. रक्तातून विषाणू मादीच्या पोटात जातो. (चावते फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं.) पोटाच्या आतल्या अस्तरात विषाणूला शिरकाव मिळाला पाहिजे, तिथं तो वाढला पाहिजे. मग अस्तर ओलांडून अंगभर पसरला पाहिजे. शेवटी लाळेच्या ग्रंथीत शिरून लाळेत उतरला पाहिजे. हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यासारखे तीन नाके समजा. एकावर जरी अडकला तर पुढच्या चाव्यात फक्त खाज. कुठल्या जातीच्या डासात कुठला विषाणू तिन्ही नाके पार करतो यालाच त्या डासाची वाहकक्षमता म्हणतात. ती विषाणूगणिक बदलते, डासाच्या जातीगणिक बदलते, आणि एकाच जातीच्या दोन गावांतल्या डासांतही फरक निघतो.

निपाणी_मास्तर
सर, आठवीतली पोरं दरवर्षी विचारतात, डासामुळं एचआयव्ही का होत नाही? आम्ही "होत नाही" एवढंच सांगून पुढं जातो. उत्तर हेच का?

काचनळी
हेच. एचआयव्ही पहिल्या नाक्यावरच संपतो. डासाच्या पोटातल्या पेशींत त्याला शिरता येत नाही, रक्ताबरोबर तोही पचून जातो. शिवाय डासाची सोंड म्हणजे दोन वेगळ्या वाटा, एकीतून लाळ बाहेर येते, दुसरीतून रक्त आत जातं. आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याच्या अंगात ओतत नाही. पोरांना हे चित्र काढून दाखवा, आवडतं त्यांना.

कडोलीकर
हे सगळं मोजतात कसं पण? डासाच्या पोटात कोण बघतंय?

काचनळी
बघतात की. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढची प्रतिक्रिया वाचा.

काचेचं छोटं भांडं असतं, त्यात माणसाच्या अंगाइतकं गरम ठेवलेलं रक्त, आणि त्यात मोजून मिसळलेला विषाणू. भांड्याच्या तळाला पातळ पडदा ताणून बसवलेला. खाली जाळीच्या डब्यात उपाशी ठेवलेल्या माद्या. त्या पडद्यातून सोंड खुपसून पितात. ज्यांची पोटं लाल टम्म फुगली तेवढ्याच वेगळ्या काढायच्या आणि साखरपाण्यावर साधारण दोन आठवडे सांभाळायच्या. रोज थोड्या मरतात, तेही लिहून ठेवायचं.

मग थंड करून बेशुद्ध करायच्या. चिमट्यानं पाय आणि पंख काढायचे, सोंड तेल भरलेल्या केसाएवढ्या काचेच्या नळीत सरकवायची आणि वाट बघायची. ती नळीत लाळ सोडते. तेलात तिचा बारीकसा बुडबुडा तयार होतो, सूक्ष्मदर्शकाखाली तो स्पष्ट दिसतो. माझं इथलं टोपणनाव त्या नळीवरून.

आता पोट वेगळं तपासायचं, पाय वेगळे, लाळ वेगळी. पोटात विषाणू आहे पण पायांत नाही, म्हणजे अस्तर ओलांडता आलं नाही. पायांत आहे पण लाळेत नाही, म्हणजे शेवटी अडकला. लाळेत सापडला तरच तो डास रोग देऊ शकतो. काही अभ्यास नुसतं पोट तपासून "या डासात विषाणू सापडला" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो. सापडणं आणि पसरवणं यात हे दोन नाके बाकी असतात.

मागवाला_शहापूर
वाचलं सगळं, कंटाळा नाही आला. मग सांगा ना, डेंग्यू कुणाच्या लाळेत जास्त उतरतो? आमच्या की जांबोटीच्या?

काचनळी
इथंच गंमत आहे. डेंग्यूच्या बाबतीत अल्बोपिक्टसचं पोट विषाणूला बऱ्याच वेळा सहज लागण होऊ देतं, काही प्रयोगांत एजिप्टीपेक्षाही सहज. पण पोटातून अंगभर पसरायच्या टप्प्यावर तो मागं पडतो. एजिप्टीत तो टप्पा जास्त वेळा पार होतो. त्यातही प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या पाळलेला अल्बोपिक्टस रानातून नुकत्याच आणलेल्यापेक्षा जास्त सहज लागण होणारा निघतो, म्हणून जुने आकडे जपून वाचावे लागतात. एकूण फरक आहे, पण तुमच्या गल्लीत साथ आणि जांबोटीत शून्य, एवढा मोठा नाही.

मोठा फरक वागण्यात आहे. विषाणूला पुढं जायला एका मादीचे दोन चावे लागतात, दोन्ही माणसालाच. एकदा घेताना, एकदा देताना. त्यामुळं माणसाला चावायच्या सवयीचा हिशेबात वर्ग होतो, म्हणजे त्या आकड्याला त्यानंच गुणायचं. समजा एक जात 10 पैकी 9 वेळा माणसाला चावते आणि दुसरी 10 पैकी 3 वेळा. फरक तिपटीचा वाटतो, पण विषाणूच्या हिशेबात तो 81 विरुद्ध 9, म्हणजे नऊपट. एजिप्टी घरातच राहतो, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागं, आणि त्याला माणूसच लागतो. वर एका पोटभर रक्तासाठी तो तीनचार जणांना थोडंथोडं चावतो. कुणी हात झटकला की उडतो, शेजारच्याला धरतो. त्यामुळं एका घरात दोनतीन जण एकदमच आजारी पडलेले दिसतात. अल्बोपिक्टस बाहेर झुडपात असतो, माणूस मिळाला तर माणूस, नाहीतर म्हैस, कुत्रा, कोंबडी. म्हशीला घेतलेला चावा डेंग्यूच्या विषाणूला वाया गेला.

जांबोटीकर
म्हणजे आमच्या म्हशींनी आम्हाला वाचवलं म्हणा की. आज संध्याकाळी ज्यादा पेंड घालतो.

डॉ_टिळकवाडी
काचनळी, छान लिहिताय, पण एक भीती वाटते. हे वाचून लोक म्हणतील टायगर डास निरुपद्रवी. तसं नाही. केरळमध्ये 2007 साली चिकनगुनियाची मोठी साथ आली ती रबराच्या मळ्यांच्या पट्ट्यात, आणि तिथला मुख्य डास अल्बोपिक्टसच होता. खानापूरचा पश्चिम भाग हवेनं आणि झाडीनं केरळच्या फार लांब नाही.

काचनळी
डॉक्टर, बरोबर मुद्द्यावर आणलंत. तिकडंच येत होतो.

2006 आठवत असेल सगळ्यांना. देशभरात सुमारे 13.9 लाख संशयित चिकनगुनिया रुग्ण नोंदले गेले, त्यातले साडेसात लाखांच्या वर एकट्या कर्नाटकात. महाराष्ट्र दुसरा, अडीच लाखांच्या पुढं. लोक भिंतीला धरून चालत होते. ती साथ मुख्यतः एजिप्टीची, पाण्याची साठवण असलेल्या कोरड्या भागातली.

त्याच सुमारास, 2005-06 मध्ये, हिंदी महासागरातल्या रेयुनियॉं बेटावर तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना चिकनगुनिया झाला. तिथं एजिप्टी जवळपास नाहीच, सगळा अल्बोपिक्टस. शास्त्रज्ञ चक्रावले, कारण हा डास चिकनगुनियाचा दुय्यम वाहक मानला जायचा. विषाणूची जनुकं वाचल्यावर कळलं की त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या ई1 नावाच्या प्रथिनात 226 व्या जागी अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलंय. एवढाच बदल. पण त्यामुळं अल्बोपिक्टसच्या पोटात लागण व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी कमी विषाणू पुरू लागला. एजिप्टीत या बदलाचा तसा फायदा दिसला नाही. हाच बदल 2007 मध्ये केरळच्या विषाणूत सापडला.

म्हणजे डास तोच, त्याच्या सवयी त्याच, म्हशी पण तिथंच. विषाणू बदलला आणि दुय्यम वाहक मुख्य झाला. तेव्हा जांबोटीकरांनी पेंड जरूर घालावी, पण तेवढ्यावर विसंबू नये.

निपाणी_मास्तर
चिकनगुनिया आपल्या भागाला नवीन नव्हता ना? आमचे वडील बार्शीच्या साथीचं सांगायचे.

काचनळी
हो, सोलापूर जिल्ह्यातली बार्शी, 1973. गावातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना झाला होता. त्यानंतर तीसेक वर्षं हा रोग देशात जवळजवळ गायबच होता. 2005-06 ला परत आला तो त्या जुन्या विषाणूचा वंशज नव्हता. आफ्रिकेकडच्या वेगळ्या गटातला होता.

चंदगडी
मुद्दा डासाचा चाललाय, पण मी हद्दीचं बोलतो. आमच्या चंदगड तालुक्यातला माणूस आजारी पडला की कोल्हापूरला जात नाही, बेळगावला येतो. जवळ पडतं. रक्त बेळगावात तपासलं, डेंग्यू निघाला. डास चावला महाराष्ट्रात, पेशंट मोजला कर्नाटकात, फवारणी कुणी करायची? आमच्या वाडीत मागं असाच ताप पसरला तेव्हा अलीकडचे म्हणाले पलीकडं कळवा आणि पलीकडचे म्हणाले आमच्याकडं रिपोर्टच नाही. आणि जी पत्रकं वाटली ती कन्नडात. आमच्या आईला काय कळणार त्यातलं? भाषेवरून सत्तर वर्षं

धागापाल
चंदगडी, नोंदणीचा मुद्दा रास्त आहे, तो राहू दे. भाषेच्या प्रश्नाला वेगळा धागा आहे, तो चारशे प्रतिक्रियांवर गेलाय, तिथं जा. इथं डास.

चंदगडी
बरं. डासाला हद्द नाही एवढं लिहून थांबतो.

काचनळी
डासाला हद्द आहे, तुमच्यामाझ्यापेक्षा लहान. एजिप्टी जन्मला त्या घरापासून साधारण शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडं सहसा जात नाही. हद्द ओलांडतो तो माणूस, अंगात विषाणू घेऊन एसटीत बसलेला.

डॉ_टिळकवाडी
याच अर्थानं एक गोष्ट लिहितो जी पेशंटचे नातेवाईक कधी विचारत नाहीत. ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढं चारपाच दिवस पेशंटच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या काळात घरातला डास त्याला चावला तर पुढची साखळी तिथूनच सुरू होते. म्हणून तापाच्या पेशंटला मच्छरदाणीत झोपवा, तेही दिवसा. रात्रीचं लोक करतात, दिवसा कुणी करत नाही, आणि हा डास दिवसाचा आहे. ताप असेल तर पॅरासिटामॉलच घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) तपासणी उपयोगी, त्यानंतर आयजीएम (अंगानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). आणि "मला एकदा झालाय, आता होणार नाही" हे डोक्यातून काढा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्या वेळी दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याचा धोका असतो. ताप उतरला म्हणजे सुटलो असंही नाही. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं हे ताप उतरतानाच सुरू होतं. तेव्हा घरी बसू नका.

पुण्यातला_बेळगावी
इकडं पुण्यात 2024 ला झिकाचा धुमाकूळ होता, एरंडवण्यापासून सुरू झालं. त्याआधी 2021 ला पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातली पहिली केस. सोसायटीत एक गृहस्थ छातीठोक सांगत होते की झिका गटाराच्या डासामुळं पसरतो. खरं का?

काचनळी
गटाराचा डास म्हणजे क्युलेक्स क्विन्केफॅसिएटस, रात्री कानाशी गुणगुणणारा. तो हत्तीपायाचा वाहक. झिकाबद्दल त्याच्यावर संशय आला होता तो ब्राझीलमध्ये. तिथल्या रेसिफे शहरातल्या एका गटाला रानातून पकडलेल्या क्युलेक्समध्ये विषाणू सापडला, प्रयोगात लाळेतही. मग जगभरच्या बऱ्याच प्रयोगशाळांनी आपापल्या भागातले क्युलेक्स घेऊन तोच प्रयोग केला आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. आज झिकाचा मुख्य वाहक एजिप्टीच मानला जातो. कर्नाटकात 2022 च्या डिसेंबरात रायचूर जिल्ह्यात पहिली केस सापडली, पुढच्या वर्षी चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात पकडलेल्या डासांच्या नमुन्यात विषाणू मिळाला. गरोदर बायकांनी दिवसा डासांपासून जपावं, झिकाचा खरा धोका पोटातल्या बाळाला आहे.

गटार साफ करू नका असं मी म्हणत नाही. पण गटार उपसलं म्हणून डेंग्यू जाणार नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातला आहे.

कडोलीकर
मग भाताच्या शेतातले डास? आमच्याकडं, येळ्ळूरकडं, पावसाळ्यात सगळं रान पाण्याखाली.

काचनळी
ते निराळे. शेतातल्या साचलेल्या पाण्यात क्युलेक्सच्याच दुसऱ्या जाती वाढतात, ट्रायटेनिओऱ्हिंकस आणि विश्नुई. त्या जपानी मेंदूज्वराच्या वाहक. त्याचा विषाणू बगळे आणि डुकरं यांच्यात फिरतो. माणसाच्या रक्तात तो एवढा वाढत नाही की डासाला परत घेता येईल, त्यामुळं माणसापाशी साखळी तुटते. बासमतीच्या वाफ्यातून डेंग्यू येत नाही, निर्धास्त राहा. डुकरं मात्र वस्तीपासून लांब असलेली बरी.

जांबोटीकर
आणि माकडताप? दोडामार्ग, गोव्याच्या सत्तरीकडं माणसं दगावली तेव्हा इकडं बागेत जायला गडी मिळत नव्हते.

काचनळी
तो डासाचा नाहीच. गोचिडीचा आहे, हेमाफिझॅलिस स्पिनिजेरा नावाची. 1957 ला शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. 2015 ला सत्तरीत आणि 2016 ला दोडामार्गात पोचला. माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आरोग्य खात्याला कळवा. पाला गोळा करायला जाताना पाय झाकून जा. यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

चिकोडीची_आशा
मी आशा कार्यकर्ती. तुमचं सगळं वाचलं, पण डास भिंगाखाली बघायला आम्हाला वेळ कुठला? आम्ही बॅरल बघतो. टॉर्च मारला की अळ्या डोकं खाली करून तिरक्या लोंबकळलेल्या दिसतात, हात लावला की वळवळत तळाला जातात. बायका म्हणतात, "ताई, आत्ताच ओतलंय बघा पाणी, स्वच्छ हाय." पाणी खरंच स्वच्छ असतं. मी बॅरलच्या आतून बोट फिरवते, पाण्याच्या जरा वर. बोटाला काळं काळं लागतं, बारीक रवाळ, चुलीच्या काजळीगत. ती अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती भिंतीला चिकटून राहतात, परत भरलं की फुटतात. म्हणून मी नारळाचा काथ्या घेऊनच जाते आणि त्यांच्यासमोर एक बॅरल घासून दाखवते. आठवड्याला एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा म्हणून सांगून कोण पाळत न्हाई, घासून दाखवलं की करतात.

अळ्या मारायचं औषध, टेमिफॉस, टाकलं तर वास येतोय म्हणून माझ्या पाठीमागं ओतून देतात. आणि दंडाचं सांगितलं की बॅरलच लपवतात. न्हाणीघराच्या मागं, लाकडाच्या ढिगाआड.

काचनळी
आशाताई, हे वर्णन माझ्या सगळ्या लेखनापेक्षा मोलाचं आहे. ती अंडी कोरड्यात महिनोन् महिने टिकतात, म्हणून पहिल्या पावसाबरोबर डास आपोआप हजर होतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस, त्यामुळं आठवड्याला एकदा घासणं पुरतं.

मागवाला_शहापूर
आता कळलं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही. आलं की घागर, हंडा, बॅरल, सिंटेक्स, मिळेल ते भरून ठेवायचं. वडगावात विणकरांच्या मागाच्या खड्ड्यांत दिवसा अंधार आणि ओल, आणि कारागीर पाय सोडून बसलेला. तिथं डास पोटऱ्यांना चावतात, आम्हाला वाटायचं ओलीचे डास.

काचनळी
अंधार, ओल आणि हलू न शकणारा माणूस, एजिप्टीला आणखी काय पाहिजे? पाण्याचा मुद्दा तर मुळातला आहे. बेळगावच्या दहा वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. जिथं नळाला भरवशाचं पाणी असतं तिथं बॅरल भरून ठेवायचं कारणच उरत नाही. माझ्या मते डेंग्यूच्या बंदोबस्तासाठी फवारणीच्या मशीनपेक्षा नळाचं पाणी जास्त कामाचं, पण नळाचा खर्च दुसऱ्या खात्याचा.

कडोलीकर
मशीनवर का घसरलात? मी पंचायतीत आहे. धूर सोडला की लोक खूश असतात, नाही सोडला तर दारात येतात.

काचनळी
लोक खूश असतात हे मान्य. रस्त्यावरून धुराची गाडी गेली की खिडक्या बंद होतात आणि एजिप्टी घरात पलंगाखाली बसलेला असतो. धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासांना मारतो, अंड्यांना आणि अळ्यांना काही होत नाही. साथ पेटलेली असताना पेशंटच्या घराच्या आत आणि आजूबाजूच्या घरांत धुराळणी केली तर अर्थ आहे, कारण लाळेत विषाणू तयार असलेल्या म्हाताऱ्या माद्या मरतात.

"म्हाताऱ्या" हा शब्द मुद्दाम वापरला. पेशंटचं रक्त प्याल्यापासून लाळेत विषाणू उतरेपर्यंत मादी जगली पाहिजे. बँकॉकच्या एजिप्टीवर 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 30 अंशाला 12 दिवस लागले, 32 ते 35 अंशाला 7. आता समजा रोज 100 पैकी 90 माद्या जगतात. 12 दिवसांनी उरतात 28, 7 दिवसांनी 48. आणि काही उपायानं रोज 80 च जगू लागल्या तर 12 दिवसांनी जेमतेम 7. डासांची संख्या अर्धी केली तर रोग अर्धा होतो, पण डासाचं आयुष्य थोडं कमी केलं तरी रोग त्याहून खूप जास्त घटतो. बेळगावची हवा थंड, विषाणू डासात हळू पिकतो, हे आपलं नशीब. उन्हाळे वाढले तर तेवढंही राहणार नाही.

पुण्यातला_बेळगावी
वोल्बाकियावाल्या डासांचं काय? डास सोडून डास कमी करतात म्हणे.

काचनळी
कमी करत नाहीत, नालायक करतात. वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू. अल्बोपिक्टसमध्ये आणि गटाराच्या क्युलेक्समध्ये तो निसर्गतःच असतो, एजिप्टीत नसतो. एजिप्टीत तो बसवला की डेंग्यूचा विषाणू त्यात नीट वाढत नाही. आणि मादीकडून तो पिल्लांत उतरतो, त्यामुळं वस्तीत पसरत जातो. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागात डेंग्यू 77 टक्के कमी दिसला, 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडं पुद्दुचेरीच्या, डासांसारख्या कीटकांमुळं पसरणाऱ्या रोगांवरच्या सरकारी संशोधन संस्थेनं भारतीय एजिप्टीत असे वाण तयार केलेत. मला या प्रकाराकडून खूप आशा आहे. पण गल्लीत डास सोडायला आलेल्या माणसाला लोक काय करतील याचीही कल्पना आहे.

चंदगडी
आमच्या पुतण्याला आफ्रिकेत नोकरीला जाताना पिवळ्या तापाची लस घ्यावी लागली. तोही एजिप्टीचाच ना? मग इथं का नाही?

काचनळी
एजिप्टीचाच. आणि भारतातल्या एजिप्टीत तो विषाणू वाढतो हे प्रयोगात दिसलंय. तरी तो इथं कधी रुजला नाही. त्याची कारणं सांगणारे बरेच आहेत, एकमत नाही. म्हणून विमानतळावर ते पिवळं कार्ड बघतात, आणि बघावंच.

कडोलीकर
बरं, मशीनचा विषय मासिक बैठकीत काढतो. बॅरल-टाक्यांना जाळीची झाकणं आणि काथ्या वाटायला पैसे मागतो. कर्नाटकाच्या 2024 च्या नियमानं डासांची पैदास होऊ देणाऱ्या खेड्यातल्या घराला 200 रुपये दंड लावता येतो, पण आमच्याच मतदारांना पावती कोण फाडणार? त्यापेक्षा झाकणं बरी. गप्पी मासे कुठं मिळतील? गुरांच्या डोणी आणि हौद घासायला कोण तयार होत नाही.

चिकोडीची_आशा
प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मिळाले तर कॅनमध्ये अर्धंच पाणी भरा, वर हवेला जागा ठेवा, नाहीतर घरी पोचेस्तोवर मरतात. हौदात, विहिरीत, शोभेच्या टाक्यांत सोडा. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात सोडू नका. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा मात्र हातानंच ओता, तिथं मासा काय करणार? डोणीत सोडलेत तर म्हशीबरोबर दोनचार पोटात जाणार, तेवढे जास्तीचे मागून घ्या.